घोटभर ओल

भानुमतीने करवंटीतलं पाणी तोंडात घेतलं आणि गिळलं नाही. गाल फुगू नयेत म्हणून जीभ मागे ओढून तिने पाण्याला जागा करून दिली आणि पदर ओठांवर घेतला. शेजारी नव्या इंदूनेही घोट घेतला, पण तिचे डोळे आपोआप मिटले आणि गळा खालीवर झाला.

"गिळलंस ना?" अंजनीबाईंनी विचारलं. त्यांचा घोट अजून घ्यायचा होता.

"काय करू मावशी. घसा जळून राहिला ना."

"जळू दे. घसा जळला त चालते." त्यांनी करवंटी पुन्हा माठात बुडवली. "घे. हा सासूनं दिला असं समज, म्हंजे उतरणार नाई खाली."

इंदूला हसू आलं, पण तोवर तोंडात पाणी होतं. अंजनीबाईंनी आपला घोट घेतला. शकु आधीच वाटेला लागली होती. चौघी एकीमागे एक निघाल्या, माना खाली, ओठ मिटलेले. लांबून कुणाला वाटलं असतं, बाया देवदर्शनाला चालल्या आहेत.

चालल्या होत्या त्या दारूच्या कोठीकडे. जबलपूरजवळच्या गढा गावाच्या पलीकडे, खडकांच्या आडोशाला बांधलेली ती लांब, ठेंगणी खोली. गंधक, सोरा आणि कोळसा खलून खाणींसाठी सुरुंगाची दारू इथे होई. दिवसभर चाळण्या हलत आणि काळी भुकटी फरशीवर, फळ्यांवर, माणसांच्या पापण्यांवर बसे. ती झाडायचं काम बायांचं. आत धातू चालत नव्हता. जोडवी दारातल्या टोपलीत काढून ठेवायची, पाय अनवाणी, हातात शिंदीची केरसुणी.

दाराशेजारच्या भिंतीवर सरकारी नियमांचा छापील कागद काचेत लावलेला होता. नागपूरहून परवाना आला तेव्हाच तोही आला होता. बायांपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं, तरी त्यातली चौथी ओळ चौघींना पाठ होती. भानुमतीच्या नवऱ्याने, तेव्हा इथेच चाळणीवर असलेल्या नथ्थूने, ती ओळ हजेरी-कारकून रामरावांकडून एकदा वाचून घेतली होती. फरशी ओली केल्यावाचून झाडू नये.

"ओल असली का ते झोपून राहते," नथ्थूने घरी येऊन तिला सांगितलं होतं. "कोरडं झाडलं का जागं होते."

पौषात फरशीवर मारायचं पाणी बंद झालं. ओली झाडलोट फेकावी लागते. कोरडी असली की चाळून पुन्हा पोत्यात भरता येते. माघात चाळणीच्या कोपऱ्यात ते जागं झालं. फार आवाजही झाला नाही म्हणतात, नुसता उजेड झाला. दोन माणसं गेली. नथ्थू वाचला आणि त्याचे डोळे गेले. त्या दिवसाच्या वहीत रामरावांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, कामगाराची हयगय. बापूसाहेब मालकांनी सांगितलं तसं.

फाल्गुनात भानुमती कामावर लागली. तिच्या वाट्याला आला तोच कोपरा.

बायांनी आधी ओले पदर नेऊन पाहिले. अंजनीबाईंची सून त्यात सापडली आणि घरी बसली. तेव्हापासून झडती घेणारी बेबीताई प्रत्येकीचा पदर, कासोटा, अंबाडा चाचपून पाही. मग एकदा सदर बाजारात अंजनीबाईंना इस्त्रीवाला परीट दिसला, तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फुर्रकन फवारा मारणारा. त्या कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी बायांनी तेच सुरू केलं. माठ एकच होता. फरशीला जाई तेवढं घशाला कमी पडे. वैशाख लागला तसे त्यांचे ओठ फुटले, आवाज घोगरे झाले, आणि खोकल्यातून काळं पडू लागलं.

आज दारासमोर तांगा उभा होता.

बापूसाहेब स्वतः आले होते. पांढरं धोतर, डोक्याला रेशमी रुमाल. त्यांनी चिमटीत झाडलोट धरली होती आणि बोटं सोडली तरी ती सुटत नव्हती.

"हे बघा, रामराव. ह्या आठवड्यात तिसऱ्यांदा. ही काय आता नर्मदेत सोडायची?"

रामराव वही छातीशी धरून उभे होते. वाळका, कमी बोलणारा माणूस. बाया म्हणत, ह्याला पिळला तरी थेंब निघणार नाही.

"बेबीताई, झडती घे," ते म्हणाले.

"चलो, हात वर करा गं." बेबीताईने चौघींना चाचपलं, पदर पिळून पाहिले, अंबाडे सोडून पाहिले. "ठणठणीत कोरड्या हायत, साहेब."

"मग ओल येते कुठून? आभाळातून?" बापूसाहेब चिडून बोलत नव्हते. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. "असं करा. एकेकीचं नाव विचारा, कोण कुठला कोपरा झाडते ते लिहा. उद्यापासून ज्या कोपऱ्यात ओल, ती बाई घरी."

भानुमतीच्या तोंडातलं पाणी कोमट झालं होतं. तिच्यापुढे अंजनीबाईंची मान ताठ झालेली तिला दिसली. नाव सांगायचं म्हणजे गिळायचं. गिळलं तर कोपरा कोरडा. आत पुरुष चाळण्यांच्या दोऱ्या बांधत होते. घटकाभरात त्या हलू लागल्या असत्या. आणि नाही गिळलं, तर आत्ता, इथे, मालकांसमोर कळणार. घरी नथ्थू बाजेवर बसून असेल, दाराच्या उजेडाकडे तोंड करून. तो उजेड त्याला अंगावर ऊब लागली की कळे.

रामरावांनी वही उघडली. दौतीत टाक बुडवला. अंजनीबाईंकडे न पाहता त्यांनी विचारलं,

"नवऱ्याचं नाव?"

अंजनीबाईंनी मान आणखी खाली घातली आणि पदर तोंडावर ओढला.

"अहो, तिचं नाव विचारा," बापूसाहेब म्हणाले. "नवऱ्याचं काय करायचंय?"

"कोठीवर इंदू दोन आहेत साहेब, शकु तीन. नवऱ्याच्या नावाशिवाय ओळख पटत नाही." मग ते अंजनीबाईंना म्हणाले, "बोल ना बाई. नाही? चल आत. मी जुन्या हजेरीवरून भरतो."

अंजनीबाई आत गेल्या.

"नवऱ्याचं नाव?"

शकु लाजल्यासारखी वळली आणि आत गेली.

"नवऱ्याचं नाव?"

इंदूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बापूसाहेबांना हसू फुटलं. "काय ह्या बाया! विदर्भ सोडून जबलपुरात आल्या, पण रीत काही सोडली नाही हो." त्यांचा स्वर आता घरच्यासारखा झाला होता. इंदू आत पळाली.

भानुमती पुढे झाली.

"नवऱ्याचं..."

"थांबा, थांबा." बापूसाहेबांनी हात वर केला. "सरळ नाव घेत नाहीत ना? मग उखाण्यात घेऊ दे. घे बाई, मंगळागौरीत घेतेस तसा. किती दिवसांत कानावर पडला नाही."

रामरावांचा टाक वहीवर टेकला आणि शाईचा डाग पसरत गेला.

भानुमतीने गिळलं. पाणी घशातून खाली उतरताना तिला कळलं आपण किती तहानलो होतो, आणि त्या सुखाचीच तिला लाज वाटली. उखाणा तिला एकच येत होता. लग्नात घास भरवताना मामीने कानात सांगितलेला, तेवढाच.

"नर्मदेच्या पाण्यात चांदण्याची झळाळी," ती म्हणाली. आवाज फाटला. तिने पुन्हा सुरुवात केली. "नर्मदेच्या पाण्यात चांदण्याची झळाळी, नथ्थूरावांच्या डोळ्यांत बारोमास दिवाळी."

"वा!" बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "काय गोड आहे! डोळ्यांत बारोमास दिवाळी! भाग्यवान हो तुझा नवरा." ते तांग्याकडे वळले आणि पुन्हा थांबले. "बरं, ही कुठला कोपरा झाडते?"

रामराव वहीकडे पाहत होते. नथ्थू हे नाव त्यांनी लिहिलं होतं, त्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं.

"ही फिरती आहे, साहेब," ते म्हणाले. "हिला कोपरा नाही."

भानुमतीने वर पाहिलं. तीन महिने ती चाळणीचा कोपरा सोडून कुठे गेली नव्हती.

"आणि घसा बसलाय हिचा," रामराव तसेच खाली पाहत बोलले. "जा गं, पाणी पिऊन ये."

"हो हो, पिऊ द्या," बापूसाहेब तांग्यात चढत म्हणाले. "उन्हाळा आहे, माणसांना पाणी कमी पडता कामा नये. आणि रामराव, रोज नावं घेत जा."

"रोज विचारीन, साहेब."

भानुमती माठाकडे गेली. माठ तळाला गेला होता. करवंटीने तळ खरवडून तिने घोट भरला. तो गार होता, आणि गळा त्याला आपणहून खाली ओढू लागला. तिने मूठ आवळली, नखं तळव्यात रुतवली आणि चालू लागली. तांगा अजून दारातच वळत होता, घोडा ऐकत नव्हता. बापूसाहेब बसल्या जागेवरून इकडेच पाहत होते.

"नवऱ्याचं नाव?" नाव वहीत लिहिलेलं असूनही रामरावांनी मोठ्याने विचारलं.

ती मान खाली घालून आत गेली.

आत चाळण्या हलायला लागल्या होत्या. हवेत काळं धुकं तरंगत होतं, झडपेतून येणाऱ्या उन्हात ते चमकत होतं. भानुमती कोपऱ्यात बसली. खाली वाकून तिने फवारा मारला. भाकरीएवढी जागा काळीभोर झाली, निजल्यासारखी. तिच्याभोवती फरशी भिंतीपर्यंत कोरडी होती.

तिने केरसुणी उचलली आणि त्या भाकरीएवढ्या जागेवरून, श्वास धरून, हळूच फिरवली.