सेकंदासकट घड्याळ

आमच्या शेठचा, चंद्रप्रकाशचा, स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. अंधेरीच्या एमआयडीसीत त्याचा एक गाळा, त्यात एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेले चार टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. चौघी मुली दिवसभर औषध कंपन्यांची बिलं टाइप करायच्या, त्यातली एक मी, प्रेमा. सत्याऐंशी साली कॉम्प्युटरवरची नोकरी म्हणजे नशीबच, असं घरचे म्हणायचे. त्यांना शेठ माहीत नव्हता.

आम्ही टंगळमंगळ करतो असा त्याला संशय. म्हणून त्याने आमच्या प्रोग्रामरला, नंदकिशोरला, सांगून प्रत्येकीच्या पडद्यावर कोपऱ्यात घड्याळ लावून घेतलं. सेकंदासकट! आणि त्याच आठवड्यात काम रेंगाळायला लागलं, बिलं तुंबली. मुलींनी संगनमत केलंय, असं शेठने ठरवूनच टाकलं. पुढारी कोण, तर अनुपमा. कारण ती एकदा त्याला उलट बोलली होती.

“सोमवारपर्यंत काम वाढलं नाही तर तू घरी बस,” त्याने तिला सगळ्यांसमोर सुनावलं.

अनुपमाच्या वडिलांची गिरणी बंद पडलेली, मानखुर्दचं घर तिच्याच पगारावर. ती मान खाली घालून टाइप करत राहिली. मला तिचाही राग आला, शेठचा त्याहून जास्त.

संशय मलाही होता, पण घड्याळाचा. सेकंद बदलला की आमची अक्षरं अडकायची, मग सगळी एकदम पडद्यावर यायची. जेवणाच्या सुट्टीत मी नंदकिशोरला गाठलं.

“तुझं घड्याळ आमचा वेळ खातंय.”

“काहीतरीच काय गं! एवढंसं तर घड्याळ ते.”

“मग बंद करून दाखव ना.”

त्याने बंद केलं. अक्षरं सुसाट धावली. त्याचा चेहराच उतरला. डबा तसाच ठेवून तो प्रोग्राम तपासत बसला. दर सेकंदाला चारही पडदे पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने लिहिले जात होते. आणि पडदा मोकळा होईपर्यंत प्रोसेसर दुसरं काहीही न करता नुसता त्याला विचारत बसायचा, झालं का, झालं का.

“वाट लागली,” तो पुटपुटला. “आता बदललेला आकडाच तेवढा लिहितो. आणि पडदा मोकळा झाला की तोच कळवेल, तोवर प्रोसेसर तुमचं काम करील. पण शेठला सांगू नकोस ना, यार. मलाच काढेल तो.”

मी तसा शब्द काही दिला नाही.

सोमवारी तुंबलेली बिलं दुपारीच संपली. शेठने गठ्ठे चाळून बघितले.

“बघितलं? नुसती धमकी दिली तर हात कसे चालायला लागले! म्हणजे इतके दिवस मुद्दामच चाललं होतं.”

“शेठ, चूक घड्याळाची होती,” मी म्हटलं. “नंदकिशोरने दुरुस्त केली.”

“घड्याळ तर अजून चालूच आहे.” त्याने माझ्या पडद्यावर बोट ठेवलं. सेकंद मजेत पळत होते. “काय रे नंदकिशोर?”

नंदकिशोरने पुसायला चष्मा काढला. “घड्याळात तसं काही नव्हतं, शेठ.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनुपमाने टेबलाखालून माझा हात दाबला, गप्प बस म्हणून. तिची नोकरी वाचली होती. शेठने तिला वर शाबासकीही दिली, आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

“धमकी लागू पडते म्हणायची. प्रेमा, आता तुझी पाळी. महिनाअखेर काम दुप्पट झालं पाहिजे.”