गावाचा टायफाइड

"टायफाइडच होता. अजून एक डाव तोंड उघडलं तं इथंच उतरवून देईन तुले," धर्मपाल म्हणाला.

"द्या उतरवून. गाडी कोणाची हाय ते तं पाहा अगोदर," इंद्रजितनं बापाले म्हटलं.

गाडी गावातल्याच भारतची होती. भारत यवतमाळच्या रस्त्यावरच्या पंपावर डिझेल टाकाले उतरला होता, म्हणून हे भांडण बारीक आवाजात चालू होतं. मागच्या शिटावर इंद्रजितची माय साधना मालीले मांडीवर घेऊन बसली होती. माली म्हणजे दीपमाला, इंद्रजितची लहान बहीण, दुसरीतली. एरवी बापलेकाच्या भांडणात तिसरं तोंड तिचंच राहे. आज ती पोट धरून पडली होती. डोळे लालभडक, पण पाणी नाही का चिपड नाही. होट फाटलेले. जीभ अशी लाल, जशी काही आताच बर्फाचा गोळा खाऊन आली. साधना म्हणाली का भांडाचं असन तं खाली उतरून भांडा, पोट्टीले झोपू द्या. कोणी उतरलं नाही. भारत आला, दार लावलं, अन् दोघंही खिडकीबाहेर पाहाले लागले.

आता हे टायफाइडचं असं हाय, का दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात गावात कोरोना कोणालेच झाला नाही. टायफाइड मात्र घरोघरी झाला. वास गेला तरी टायफाइड, दम लागला तरी टायफाइड. ज्याच्या घरी कोरोना निघे त्याच्या दारासमोर बल्ल्या ठोकत अन् घरच्यायले उचलून तालुक्याले नेऊन ठेवत. टायफाइडले कोणी बल्ल्या ठोकत नाही. एवढा साधा हिसाब समजाले दहावी पास व्हा लागत नाही. आशाताई नंदाबाई बोटाले लावायची मशीन घेऊन दारोदार फिरे. लोक तिले बसाले खुर्ची देत, चहा देत. बोट देत नसत.

धर्मपालची काळीपिवळी जीप होती, गाव ते दारव्हा. मागं लटकून सवाऱ्या बसवाचं काम इंद्रजितचं. शाळा मोबाइलवर गेली, अन् घरातला एकुलता मोबाइल बापाच्या खिशात दिवसभर दारव्ह्याले जाये-ये करे, म्हणून दहावी तिथंच राह्यली. तसंही मास्तरचं अन् त्याचं एक डाव जमलं नव्हतं, ते सांगण्यासारखं नाही.

जीपीत पुढची खिडकीजोळची जागा रामरावची होती. रामराव म्हणजे भारतचा बाप. बाजाराच्या दिवशी त्या जागेवर दुसरं कोणी बसलं तं इंद्रजित त्याले उठवे, मंग तो सरपंच का असेना. त्या उन्हाळ्यात घरात पहिले ताप आला तो धर्मपालले. जीप उभी ठेवली तं लोक इचारतीन, म्हणून त्यानं तोंडाले दुपट्टा बांधला अन् चालवत राह्यला. बाजाराच्या दिवशी रामराव आपल्या जागेवर बसला अन् म्हणाला, काच लाव धर्मा, कान भाजून राह्यले. धर्मपालनं काच लावली. दारव्ह्यापर्यंत तो खोकत गेला.

पुढच्या बाजारी ती जागा रिकामी होती. रामरावले टायफाइड झाला अन् टायफाइडनंच तो मेला. धर्मपाल मयतीले गेला, खांदा दिला. घरी येऊन त्यानं जीप फिनाइलनं धुतली. पुढची शीट धुतली, वाळवली, अन् परत धुतली. इंद्रजित ओट्यावर बसून पाहत होता. तेव्हापासून धर्मपाल भारतचं घर लागलं का हॉर्न वाजवत नसे.

धर्मपालच्या घरातले सगळे एकामागून एक पडले अन् बरे झाले. मालीले तं एकच दिवस कणकण होती. मंग महिना गेला, वावरात पेरण्या लागल्या, अन् तिले ताप चढला. अंगावर पुरळ आले तशी आजी रुखमाबाईनं दाराले कडुलिंबाचा डगाळा बांधला. धर्मपाल म्हणाला, आपल्यात हे चालत नाही, बाबासाहेबानं हेच सोडाले लावलं होतं. रुखमाबाई म्हणाली, मी कुठी काही म्हटलं, मच्छरासाठी बांधला. डगाळा राह्यला, ताप बी राह्यला.

मंग दारव्ह्याच्या डॉक्टरकडं नेली. त्यानं इचारलं, घरात कोणाले टायफाइड वगैरे होऊन गेला का. धर्मपाल म्हणाला, हाव साहेब, सगळ्यायलेच. डॉक्टरनं मान हलवली अन् टायफाइडच्या गोळ्या देल्या. इंद्रजितले तिथंच बोलाचं होतं, पण बापानं त्याचा पाय दाबला. गोळ्या चालू झाल्या. बिमारी गावानं ठरवली होती, औषध तिचंच चालू होतं. माली उलट्या कराले लागली, पोट दुखते म्हणून पाय जोळ घेऊन पडे, अन् चौथ्या दिवशी तिचे हातपाय सुजले.

त्याच दिवशी जीपीची क्लचप्लेट गेली. धर्मपाल कोणाची गाडी मांगाची यावर बराच वेळ इचार करत बसला. रुखमाबाईनं इचार केला नाही. ती पदर खोचून सरळ भारतच्या दारात गेली. भारत जेवत होता. हात धुतला अन् गाडी काढली, चार शब्द बी इचारले नाहीत. म्हणून तं धर्मपालले रस्ताभर त्याच्याकडं पाहता येत नव्हतं, अन् म्हणूनच पोट्ट्यानं तोंड उघडू नये हे त्याले पाहिजे होतं.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पहिले ऑपरेशनवाले डॉक्टर आले. त्यायनं मालीचं पोट दाबून पाह्यलं, ती किंचाळली. ते म्हणाले, आतडीले सूज दिसते, अपेंडिक्स असू शकते, उघडून पाहा लागन. मंग लेकरायची डॉक्टरीण आली. ठेंगणी बाई, तोंडावर दोन मास्क. तिनं डोळे पाह्यले, जीभ पाह्यली, तळपाय पाह्यले अन् तिथंच उभी राह्यली.

"मागच्या महिना-दीड महिन्यात घरात कोणाला कोरोना झाला होता का?" तिनं इचारलं.

भारत तिथंच होता. एका हातात साधनाची पिशवी, एका हातात पाण्याची बाटली.

"नाही मॅडम," धर्मपाल म्हणाला. "टायफाइड होता."

डॉक्टरीणबाईनं साधनाकडं पाह्यलं. साधनानं धर्मपालकडं पाह्यलं. धर्मपाल पलंगाच्या पायाकडं पाहत होता, जसं काही तिथं लिहून हाय. बाहेर ऑपरेशनले न्यायचं स्ट्रेचर आलं, त्याच्या एका चाकाचा आवाज येत होता.

"कोरोना होता," इंद्रजित म्हणाला. "पहिले बाबाले झाला. मंग आमाले सगळ्यायले. माह्या तं वासच गेलता. हिले एक दिवस ताप होता. गावात सगळ्यायलेच होता, टायफाइड आमी नुसतं म्हणतो."

धर्मपालनं त्याच्या कानाखाली वाजवली. वार्डातल्या सगळ्या बाया पाहाले लागल्या. इंद्रजितचा हात उठला होता, पण बाटली धरून भारत मधात उभा होता, म्हणून तो हात त्यानं गालाले लावला.

"अजून मारा," तो म्हणाला. "तरी कोरोनाच होता."

डॉक्टरीणबाईनं मारामारीकडं काही लक्ष देलं नाही. तिनं स्ट्रेचर परत पाठवलं. रक्त काढाले लावलं, हृदयाची सोनोग्राफी सांगतली. मंग साधनाले समजावून सांगतलं का कोरोना निघून गेल्यावर एखाद्या लेकराच्या अंगात अशी सूज येते. पोटात, डोळ्यात, हृदयात बी. हजारो लेकरायत एखाद्याले होते. बिमारी गेलेली असते, पण शरीराले ते समजत नाही, ते लढतच राह्यते, अन् समोर कोणी नसलं का आपल्याच अंगाले मारते. इंद्रजितले हे लगेच समजलं. त्याच्या घरातले सगळेच तसे होते.

तिनं अजून एक सांगतलं. हृदयाचा जोर कमी झाला हाय. सूज उतरवायची इंजेक्शनं आताच लावतो. टायफाइड समजून अजून दोन दिवस घरी ठेवली असती, तं मंग मी तुमाले काही सांगू शकली नसती. हे तिनं रागानं नाही म्हटलं. रागानं म्हटलं असतं तं धर्मपालले बरं वाटलं असतं.

औषधाची बाटली हळूहळू उतरत होती. एकाच माणसाले आत बसता येत होतं, म्हणून साधना आत. बाकीचे तिघं बाहेर बाकड्यावर. मधात एक जागा सोडून धर्मपाल, मंग भारत, अन् इंद्रजित भितीले टेकून उभा, कारण बापाजोळ बसाचं नव्हतं.

मंग धर्मपाल म्हणाला, "भारत, रामरावकाका त्या बाजारी माह्याजोळ बसले होते. मले ताप होता. काच लावलेली होती."

"माहीत हाय," भारत म्हणाला.

"मी सांगाले पाहिजे होतं."

"त्यायले ताप होताच तेव्हा," भारत म्हणाला. त्यानं बाटलीचं झाकण उघडलं अन् पाणी न पेता परत लावलं. "माह्यापासून आलता. मी पुसदले लग्नाले गेलतो. घरी बसले तं लोक इचारतीन, म्हणून मीच त्यायले म्हटलं, बाबा, बाजारले जाऊन या. मंग ते गेले तं, कोरोना सांगतला असता तं लाश सरकारी लोकायनंच जाळली असती, म्हणून टायफाइड सांगतलं."

धर्मपाल त्याच्याकडं पाहत राह्यला. एवढ्या दिवसात पहिल्यांदा सरळ पाह्यला असन.

"नाही," तो म्हणाला. "मले अगोदर होता. मले त्याच्या अगोदरपासून कसकस होती."

"कायची कसकस. मी पुसदवरून आलो तेव्हा तू मस्त गाणे लावून चालला होता."

"ताप होता मले, भारत."

"माह्या अगोदर नव्हता."

मंग दोघं बाकड्यावर बसून भांडाले लागले. पुसदचं लग्न, पाहुणे, कोणाच्या घरी कोण कधी खोकलं, सगळं निघालं. एक म्हणे मी मारलं, दुसरा म्हणे तू कायले मारशीन, मीच मारलं. कोणी मांगं हटाले तयार नाही. सिस्टर येऊन म्हणाली, भांडाचं असन तं खाली जा. तेव्हा त्यायनं आवाज कमी केला, भांडण कमी केलं नाही. इंद्रजितले मधात बोलाचं होतं का दोघायपैकी कोणालेच हे कधी समजणार नाही. पण त्याचा गाल अजून गरम होता, अन् आज त्याचं बोलून झालं होतं.

सकाळी मालीचा ताप उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाली, अजून काही दिवस इथंच राहा लागन, हृदयाची सोनोग्राफी परत करू, पण आता वळण बरं हाय. इंद्रजित दारातून डोकावला तं मालीनं डोळे उघडले. डोळे लालच होते, पण पाहण्यात जुना माज होता.

"दादा, पोंग्याचं पाकीट आणजो," ती म्हणाली. मंग त्याच्या गालाकडं पाहून म्हणाली, "कोणं मारलं बे तुले?"

"टायफाइडनं," तो म्हणाला.

तो बाहेर आला तं धर्मपालच्या खिशात मोबाइल वाजत होता. नंदाबाई होती. तिले मालीचं इचाराचं होतं, अन् दुसरं असं का तांड्यावरच्या देवसिंगचा पोट्टा बंटी तापानं पडला हाय, डोळे लाल हायेत, पोट दुखते म्हणते. देवसिंग दार उघडते, खुर्ची देते, चहा देते, अन् म्हणते टायफाइड हाय. गोळ्या चालू हायेत. देवसिंग त्या बाजारी जीपीच्या मागं लटकून होता, इंद्रजितच्या बाजूलेच.

धर्मपालनं देवसिंगले फोन लावला. देवसिंग म्हणाला, काही नाही भाऊ, टायफाइड हाय, अन् फोन ठेवला. परत लावला तं उचलला नाही.

धर्मपाल बाकड्यावरून उठला, मंग वार्डाच्या दाराकडं पाहून परत बसला. भारतनं गाडीची चाबी काढली, पण डॉक्टरीणबाईनं मालीसाठी ब्लड बँकेतून रक्त आणाले सांगून ठेवलं होतं अन् गाडी इथं पाहिजे होती.

"मी जातो," इंद्रजित म्हणाला. "दार नाही उघडलं तं तोडतो."

"तोडू नको," धर्मपाल म्हणाला. मंग म्हणाला, "सांगजो त्याले. मले कोरोना होता म्हणून सांगजो. माह्यं नाव घेजो."

"माह्यं घे पहिले," भारत म्हणाला. "मले अगोदर होता."

"परत भांडण लावलं तुमी," इंद्रजित म्हणाला. "दोघायचं बी घेतो. बाबा, तिले पोंगे आणून देजा. मले निघा लागते आता, स्टँडवर दारव्ह्याची जीप भरली असन."