फळ्यांमागच्या तारखा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी वैतागलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी गोड आवाजात सांगतात, असा तुमचा समज असेल तर तो जरा बाजूला ठेवा. मी एका सुताराचा रंधा आहे. अंग लाकडी, पोटात पोलादी पातं आणि ते घट्ट धरून ठेवायला एक पाचर, एवढाच माझा संसार. खडबडीत फळी मी आरशासारखी करू शकतो, पण माणसांच्या डोक्यातल्या गाठी काही मला तासता येत नाहीत.

मला एका सुतारानं तरुणपणी स्वतःच्या हातानं घडवलं. त्याची एक शिस्त होती. नवं काम सुरू केलं की त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला, म्हणजे खणाच्या तळाला किंवा कपाटाच्या पाठीला, पेन्सिलीनं त्या दिवसाची तारीख लिहायची, आणि काम संपलं की तिच्याखाली दुसरी. दोन्ही मुलांना त्यानं हीच सवय लावली. तो गेल्यावर कारखाना दोघा भावांचा झाला. थोरल्यानं फळ्या तासायला मशीन आणलं. धाकट्यानं मात्र मला सोडलं नाही.

काय हात होता त्याचा! मूठ धरली की मला कळायचं, आज फळीवरून लांबच लांब, कागदासारखे पातळ छिलके निघणार. गिऱ्हाइकं कपाटाच्या दारावरून बोटं फिरवायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. मी मनातून फुगायचो. ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं.

पण मग वेगळेच दिवस यायचे. कानात वारं शिरलेल्या वासरासारखा तो कारखानाभर फिरायचा. उजाडायच्या आत हजर, जेमतेम तीन तास झोपलेला, तरी टवटवीत. कपाट अर्ध्यावर टाकून खुर्ची, खुर्चीचे दोन पाय झाले की झोपाळा. येईल त्या गिऱ्हाइकाला "आठ दिवसांत देतो" असं हसत सांगायचा. माझं पातं इतकं खोल बसवायचा की लाकडाचे तंतू उपटून यायचे. मी करकरायचो, पण त्याचं लक्षच नसायचं. लोक म्हणायचे, "कामाचा झपाटा बघा याचा!"

दहा-पंधरा दिवसांनी वारं पडायचं. मग तो बाकावर बसायचा, मला मांडीवर घ्यायचा आणि तासभर नुसता धरून ठेवायचा. पुढे तेही बंद व्हायचं. तीन-तीन आठवडे तो घरातून बाहेर पडायचा नाही आणि माझ्या पात्यावर गंज चढायचा. मधे थोडे साधे दिवस जायचे, आणि पुन्हा वारं.

असं सहा वर्षं चाललं, मित्रांनो. सहा वर्षं! थोरला त्याला आरंभशूर म्हणायचा. शेजारी म्हणायचे, लग्न करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. एकदा त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थकवा आहे म्हणून टॉनिक दिलं. बाटली संपेपर्यंत वाऱ्याचे दिवस आले आणि सगळं श्रेय बाटलीला गेलं! पुढच्या खेपेला तो पडला तेव्हा घरच्यांनी टॉनिकच्या दोन बाटल्या आणल्या. मी फळीवर पडल्या पडल्या हे ऐकलं आणि माझी पाचर सैल व्हायची बाकी राहिली.

शेवटी बाकांनी घात केला. वाऱ्याच्या दिवसांत धाकट्यानं एका शाळेला चाळीस बाकं पंधरा दिवसांत द्यायचं कबूल केलं. आठ दिवसांत त्यानं तीनदा नकाशा बदलला, नऊ बाकं उभी केली आणि अंथरूण धरलं. शाळेच्या मुख्याध्यापिका दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा थोरला मान खाली घालून उभा राहिला. त्या गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "पुरे झालं. महिनाअखेर मी वेगळा होतो. त्याचं तो बघेल."

मला धडकीच भरली. पडलेल्या दिवसांत धाकट्याला जेवायला कोण उठवायचं, कामं कोण सांभाळायचं? थोरलाच ना. शिव्या देत का होईना, पण तोच.

वाटणी करायची म्हणून थोरल्याची बायको, धाकट्याची वहिनी, मागच्या खोलीतलं सामान लावायला बसली. तिथं धाकट्याच्या अर्धवट कामांचा ढीग होता. ती एकेक खण, एकेक फळी उलटी करायची आणि मागची तारीख एका कागदावर उतरवायची, कुणाचं काम कधीचं ते कळावं म्हणून. दुपारपर्यंत कागद भरला. मग जमिनीवर बसल्या जागेवरूनच तिनं नवऱ्याला हाक मारली.

"हे बघा. नऊ दिवसांत अकरा कामं सुरू. मग पाच आठवडे एकही नाही. मग आठवड्यात आठ. परत काही नाही. सहा वर्षं हेच. संपल्याची तारीख एकाही कामावर नाही."

"मग मी काय वेगळं सांगतोय? आरंभशूर आहे तो, आळशी."

"आळशी माणूस नऊ दिवसांत अकरा कामं काढतो का हो? हे काहीतरी दुखणं आहे."

मी सहा वर्षं जे पात्यावर सोसत होतो, ते या बाईनं एका दुपारी कागदावर मांडलं. मला आनंद झाला आणि रागही आला. इतकी वर्षं एकालाही एक फळी उलटून बघावीशी वाटू नये?

धाकटा ऐकेना. "मला वेडा ठरवताय का, वहिनी?"

"भावजी, वेडं कुणी म्हटलं? दाढ दुखली तर दाताच्या डॉक्टरकडे जातो ना आपण?"

चार दिवस त्यानं तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी तो उठला आणि हातात काहीतरी हवं म्हणून मला पिशवीत घातलं. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः ऐकलं. मनोविकारतज्ज्ञ बाईंच्या समोर तो मला मांडीवर घेऊन बसला. उदासीबद्दल तो बोलला. मग बाईंनी विचारलं, "आणि चांगले दिवस कसे असतात?"

"त्यांचं काय? ते चांगले असतात," तो चिडून म्हणाला.

वहिनीनं तारखांचा कागद पुढे केला, आणि कमी पडायला नको म्हणून खणांचे दोन तळही टेबलावर ठेवले. बाईंनी कागद दोनदा वाचला. झोप, बोलणं, दिलेले शब्द, सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "हा मनाच्या चढउतारांचा आजार दिसतोय. सौम्य आहे."

"सौम्य?" धाकट्याचा आवाज चिरकला. "माझा भाऊ मला सोडून चाललाय."

"सौम्य म्हणजे किरकोळ नव्हे," त्या म्हणाल्या. "पडलेले दिवस तुम्ही सांगत होतात, चढलेले सांगतच नव्हतात. दोन्ही मिळून एकच दुखणं आहे. यावर उपचार आहेत."

माझ्या मुठीवर काहीतरी ओलं पडलं. लाकडाला पाणी चालत नाही, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

आता झोपेची वेळ ठरली आहे. मनाची रोजची नोंद ठेवायची वही आहे, दर पंधरवड्याला बाईंकडे जाऊन बोलणं आहे. थोरला काही विरघळला वगैरे नाही. तो एवढंच म्हणाला, "बाकं होईपर्यंत थांबतो. मग बघू." दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. ही मुंगी तर फारच हळू चालते आणि मला धीर धरवत नाही.

परवा पुन्हा वारं शिरलं. धाकटा भराभर मला चालवत होता, गाणं गुणगुणत होता. संध्याकाळी थोरला शेजारी येऊन उभा राहिला. "काल किती झोपलास?"

"आता हसायचीही चोरी का, दादा?" तो भडकला. मीही भडकलो होतो. फळी अर्धी झाली होती, पातं तापलं होतं आणि आमची दोघांचीही थांबायची इच्छा नव्हती. थोरला तिथून हलला नाही. धाकट्याचा श्वास हळूहळू खाली आला. त्यानं मला आडवं ठेवलं, खिशातल्या वहीत दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाला, "चार तास. चल, घरी जाऊ."

सहा वर्षांत पहिल्यांदा तो चढत्या दिवशी आपणहून थांबला होता.

मित्रांनो, पडलेल्या माणसाला "ऊठ" म्हणणारे पुष्कळ असतात. सुसाट धावणाऱ्याला "झोपलास का रे?" असं विचारणारं मात्र कुणी नसतं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याच्या बऱ्या दिवसांतही जवळ जा आणि विचारा. तो चिडला तरी विचारा. मला तोंड असतं तर मी सहा वर्षांपूर्वीच विचारलं असतं. तुम्हाला तर आहे ना?