लोटन आप्पांच्या दारावर

हेमांगीच्या कंपनीनं काढलेल्या 'ठोकळपूर' या गेममध्ये सगळं चौकोनी होतं. माणसं चौकोनी, कोंबड्या चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. खेळणाऱ्यानं जमीन खणायची, ठोकळे काढायचे आणि मनाला येईल ते बांधायचं. मुलं तो काही काळ जीव टाकून खेळली आणि मग ती सगळी मुलं दुसऱ्या एका गेमकडे निघून गेली. तेव्हा पुण्याच्या ऑफिसात कामिनी मॅडमनी बैठक घेतली. त्या म्हणाल्या, साठीच्या पुढच्या माणसांकडे आता मोबाइलही आहे आणि वेळही आहे, त्यांना आवडेल असं ठोकळपूर करा.

"हेमांगी, तू गावाहून काम करतेस. तुझ्या घरी सीनियर लोक आहेत ना?"

होते. शहादा तालुक्यातल्या कळसाडीत तिचे सासरे लोटन आप्पा आणि सासू दगूबाई ओट्यावरच असायचे. हेमांगी धुळे शहरातली. सासरची अहिराणी तिला सगळी कळायची, बोलायला मात्र जीभ वळायची नाही.

पुण्याच्या टीमनं अक्षरं मोठी केली होती, कोंबड्यांचा वेग कमी केला होता आणि मागे बासरी लावली होती. हेमांगीनं तो गेम टॅबवर घालून आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी त्यात काहीही बांधलं नाही. त्यांनी आपल्या चौकोनी माणसाला पाठीशी हात बांधल्यासारखं हळूहळू चालवलं, दुसऱ्यांनी बांधलेली घरं बाहेरून बघितली, दोन भिंतींना नावं ठेवली आणि पुढे बघता बघता ते एका खड्ड्यात पडले. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'तुम्ही मेलात'. त्याखाली बटण होतं, 'पुन्हा जन्म घ्या'.

"आवं, आयकं का?" आप्पांनी आत हाक मारली. "मी मरी गऊ."

"कव्हय?" दगूबाईनं आतूनच विचारलं.

"आतेच. खड्डामा पडनू."

दगूबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं टॅबकडे नीट बघितलं. "मंग आते काय करानं?"

"हाई बटन दाबानं म्हने. आन उठी उभं ऱ्हावानं."

"लगेच?"

"लगेच."

"कोनीच नही येवानं?"

आप्पांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "तेच म्हनी ऱ्हायनू मी. माणूस मरी गया, आन कुत्रंबी नही फिरकनं."

हेमांगी त्या दिवसभर त्यावर विचार करत राहिली. या भागात कुणी गेलं की लोक 'दारावर' जातात. अंगणात सतरंजी टाकलेली असते. तिच्यावर थोडा वेळ गुपचूप बसायचं, गेलेल्या माणसाबद्दल दोन बरे शब्द बोलायचे, आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही, नुसतं उठून चालायला लागायचं. ठोकळपुरात यातलं काहीच नव्हतं. तिनं बैठकीत ते मांडलं.

"त्यांना मेल्यावर माणसं यायला हवी आहेत, मॅडम."

"म्हणजे मल्टिप्लेअर?" कामिनी मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे सतरंजी."

मॅडमनी प्रयोग म्हणून होकार दिला. हेमांगीनं चौकोनी सतरंजी केली, हार घातलेला फोटो केला आणि अंगणात एक निंबाचं झाड लावलं. कुणी मेलं की ओळखीच्या सगळ्या खेळणाऱ्यांच्या मोबाइलवर निरोप जायचा. ते यायचे, बसायचे, बोलायचे. फक्त एक अडचण राहिली. मेलेल्या माणसाला तेवढा वेळ ठेवायचं कुठे, ते तिला सुचेना. शेवटी तिनं त्याला निंबावर बसवलं. तिथून त्याला सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं, पण बोलता यायचं नाही.

आप्पा मुद्दाम त्याच खड्ड्यात जाऊन पडले. थोड्या वेळात धुळ्याचे व्याही आले, सुरतेचा पुतण्या आला, तळोद्याचा साडू आला. सगळे चौकोनी माना खाली घालून बसले. साडू म्हणाला, "माणूस हिरा व्हता." आप्पांच्या जिवंतपणी साडू त्यांना कधी असं बोलला नव्हता. आप्पा टॅब छातीशी धरून ऐकत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर कळसाडीत मरायची साथच आली. सकाळी पारावर म्हातारे मोबाइल घेऊन जमायचे आणि कोण कुणाच्या दारावर जाऊन आलं याच्या गोष्टी व्हायच्या. कुणी पाण्यात बुडायचं, कुणी टोचून मारणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावर जायचं, पण त्या हळू केलेल्या असल्यामुळे फार वेळ लागायचा. दगूबाईसुद्धा एकदा गेली. तिच्या दारावर बायकांची एवढी गर्दी झाली की ठोकळपूर अडकत चालायला लागलं. सगळ्या रडत होत्या. तेवढ्यात तिची धाकटी भावजय रडता रडता शेजारणीला म्हणाली, "मन्ही परात तेवढी राही गयी तिन्हाकडे." दगूबाईनं निंबावरून ते ऐकलं. तिनं टॅब खाली ठेवला, खरा फोन उचलला आणि भावजयीला विचारलं, "कोनती परात वं?" पलीकडून फोन बंद झाला.

पुण्यात आकडे बघून सगळे चक्रावले. म्हातारी माणसं तासन्‌तास गेममध्ये होती आणि कुणी एक भिंतही बांधत नव्हतं. बांधलंच तर दारावर येणाऱ्यांसाठी सावली, बाकडी आणि हात धुवायला नळ. कामिनी मॅडमना ते बघवेना. त्यांनी 'मृत्यू' काढून तिथे 'विश्रांती' असा शब्द टाकायला लावला. दोन दिवस सगळं ठोकळपूर ओस पडलं.

"विश्रांती घेणारन्या दारवर कोन जास?" आप्पांनी विचारलं. हेमांगीनं ते मॅडमना कळवलं. मृत्यू परत आला.

आप्पांच्या मनात मात्र एक सल होता. त्यांच्या दारावर सगळे येऊन गेले होते, कुंदन नाना आले नव्हते. कुंदन नानांचं शेत आप्पांच्या शेताला लागून. दोघांनी एकाच वर्षी ऊस लावला, एकाच वर्षी ठिबक केलं. पण नानांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देताना आप्पांच्या वाट्याला नुसता टॉवेल आला, टोप्या संपल्या होत्या. आप्पा न जेवता उठून आले, आणि तेव्हापासून बांधावर दोन्हीकडून पाठी दिसायच्या.

"आप्पा, कुंदन नानांकडे साधा फोन आहे," हेमांगीनं सांगून बघितलं. "त्यांच्या फोनवर गेमच चालत नाही."

"ज्याले येवानं ऱ्हास तो येस," आप्पा म्हणाले.

त्यांनी ठरवलं की खड्ड्यात पडून मरणं हे साधं मरण झालं. त्यांनी ठोकळपुरात पहिल्यांदा काहीतरी बांधायला घेतलं. एक मनोरा. रोज सकाळी न्याहारी झाली की ते ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचे. मनोरा ढगांच्या वर गेला. मग एका मंगळवारी आप्पा वर चढले, पागोटं नीट केलं आणि उडी मारली.

निरोप सगळीकडे गेला. तळोद्याच्या साडूनं तो वाचला, आणि ज्यांच्याकडे गेम नाही त्या नातेवाइकांनाही कळावं म्हणून स्वतः टाइप करून ग्रुपवर टाकला. टाइप करताना 'ठोकळपूर' एवढा एकच शब्द राहून गेला. लोकांनी वाचलं ते असं: 'लोटन आप्पा मनोऱ्यावरून पडून गेले. दारावर बसणे कळसाडी येथे.'

दुपारपर्यंत गल्लीत दोन पिकअप आणि एक ट्रॅक्टर उभे होते. आप्पांची शहाद्याची बहीण गल्लीच्या तोंडापासूनच रडत आली. ओट्यावर आप्पा शेंगा सोलत बसलेले तिला दिसले, पण रडणं एकदा सुरू झालं की मध्येच तोडता येत नाही, म्हणून तिनं ते पुरं केलं, डोळे पुसले आणि मग आप्पांना तोंडाला येईल ते बोलली. माणसं चिडली, हसली, कुणी मनोरा कुठे आहे ते विचारलं. हेमांगी दारोदार गेल्यासारखी सगळ्यांची माफी मागत फिरली. दगूबाईनं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. चहा पिऊन पाहुणे पांगले.

तेव्हा कुंदन नाना आले. डोक्यावर उपरणं, पायात चपला नाहीत. गल्लीतच त्यांना कुणीतरी खरं काय ते सांगितलं होतं, तरी ते मागे फिरले नव्हते. अंगणात सतरंजी नव्हती. ते तसेच मातीत बसले आणि मान खाली घातली.

आप्पांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुंदन..." ते म्हणाले. "आरे, मी जित्ता शे."

नानांनी मान वर केली ती दगूबाईकडे. "वहिनी, कोन बोली ऱ्हायनं?"

दगूबाईला एका क्षणात सगळं समजलं. "कोनी नही, भाऊ," ती म्हणाली, आणि आप्पांकडे वळून हळूच म्हणाली, "तुम्ही मरेल शेत. गुपचूप बठा."

आप्पा गुपचूप बसले.

"लोटनना दारवर उनू मी," नाना म्हणाले. "जित्तासंगे मन्हं बोलनं बंद शे. मरेलसंगे काय वैर?" मग ते बराच वेळ बोलले. लोटन माणूस चांगला होता. पाण्याची पाळी कधी चुकवली नाही. नानांचा बैल आजारी पडला तेव्हा रात्रभर गोठ्यात बसला. फक्त नाक फार मोठं. टोप्या दुकानदारानं कमी दिल्या त्यात नानांचा काय दोष? मुलीचा बाप त्या दिवशी कुठे कुठे बघणार? एक शब्द विचारला असता तर डोक्यावरचा फेटा काढून दिला असता.

आप्पांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा दगूबाईनं त्यांच्याकडे बघितलं. शेवटी नाना उठले आणि 'येतो' न म्हणता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना परत आले. दारावर एकदाच येऊन कसं चालेल, असं ते दगूबाईला म्हणाले. या वेळी हेमांगीनं सतरंजी टाकली. नाना रोज यायला लागले. ते दगूबाईशी लोटनबद्दल बोलायचे, आणि लोटन आप्पा खांबाला टेकून ऐकायचे. कधी त्यांना राहवायचं नाही. "तो बैल लाल नही, पांढरा व्हता," ते म्हणायचे. नाना थोडं थांबायचे आणि दगूबाईला म्हणायचे, "माले वाटस तो बैल पांढरा व्हता." चहाचे कप तीन यायचे. तिसरा कप कुणासाठी ते कुणी विचारायचं नाही.

हेमांगीला हे सगळं बघून रडावं की हसावं कळेना. तिनं ललितला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मध्ये पडायला सांगितलं. ललित शहाद्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. तो सतरंजीवर जाऊन बसला, थोडा वेळ दोघांकडे बघितलं आणि उठून आत आला. "यात माझं काही चालणार नाही," तो म्हणाला.

मग एक दिवस नाना उशिरा आले, आणि धावत आले. त्यांना दम लागला होता, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं.

"वहिनी! त्या मरेल माणूसले सांग, त्यान्हा ऊसमा डुकरे घुसनात!"

दगूबाईनं सांगण्याआधीच मेलेला माणूस ओट्यावरून उडी मारून अंगणात होता. त्यानं भिंतीला टेकलेली काठी घेतली आणि दोघं शेताकडे पळाले. हेमांगी मागोमाग गेली. ऊस एका जागी हलत होता, आतून मोडल्याचा आवाज येत होता. आप्पा एका अंगानं आत शिरले, नाना बांधावर उभे राहून बघत होते. डुकरांचा कळप फिरला आणि सरळ आप्पांच्या दिशेनं निघाला.

"आरे लोटन!" नाना ओरडले. "बाजूले व्हय! बहिरा शे का तू?"

आप्पा बाजूला झाले. डुकरं नदीच्या अंगाला निघून गेली. दोघं बांधावर बसून धापा टाकत राहिले. धापा थांबल्यावर आप्पा नवलानं म्हणाले, "तू माले बोलना."

"जीव जाई ऱ्हायन्ता तुन्हा," नाना म्हणाले. "बोलू नही ते काय?"

त्यानंतर सतरंजीची गरज उरली नाही, तरी नाना यायचे राहिले नाहीत. त्यांना टॅब हातात घ्यायला आवडायचं नाही. ते आप्पांच्या शेजारी बसून ठोकळा कुठे ठेवायचा ते सांगायचे, आणि आप्पा नेमका दुसरीकडे ठेवायचे. भांडणाचा आवाज आत हेमांगीच्या बैठकीत ऐकू जायचा. एकदा कामिनी मॅडमनी विचारलं, "कोण आहे ते?"

"दुसरा खेळाडू, मॅडम."

"त्याचं अकाउंट कुठलं?"

"अकाउंट नाही. तो शेजारी बसतो."

मॅडमनी सांगितलं की त्यांचे वडील पुण्याला असेच आईच्या शेजारी बसतात, आणि या दुसऱ्या माणसासाठीही गेममध्ये काहीतरी करायला हवं. हेमांगीनं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, शेजारच्या माणसाचा हात सहज पोचेल अशा जागी, एक मोठं गोल बटण केलं. त्याच्यावर लिहिलं, 'असं नको'. ते दाबलं की शेवटचा ठोकळा निघून जायचा.

आता ठोकळपुरातल्या म्हाताऱ्यांमध्ये तेच सगळ्यात जास्त दाबलं जातं. आप्पांनी यंदा घर बांधायला घेतलं आहे. जोत्याच्या वर ते अजून गेलेलं नाही.

"दार आठे नको," नाना म्हणतात आणि बोट पुढे करतात.

"तुन्हं घर शे का?" आप्पा त्यांचा हात धरतात.

"येवानं ते माले शे ना त्या दारथून!"

दगूबाई दोघांच्या मध्ये चहा ठेवते आणि थंड व्हायच्या आत प्यायला सांगते. तिचं कुणी ऐकत नाही.