पेनसिल्व्हेनियाहून आलेली दोन पत्रे

नोव्हेंबरचा फिकट, शिणलेला उजेड फ्राऊ क्रेमर यांच्या स्वयंपाकघरात उतरे, तेव्हा त्यांच्या बोटांखाली जीर्ण कागदांची कोरडी सळसळ चाललेली असे. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या चढावरल्या क्रेमरबाईंच्या त्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. कारखान्यातल्या गिअरची रेखाटने काढण्याच्या कामावरून परतले की त्या चहाला हाक मारत. ऐंशी वर्षांचा तो देह थकला होता; मन तेवढे जागे होते.

ते कागद म्हणजे त्यांच्या घराण्यातल्या एका पूर्वजाची पत्रे. अडीचशे वर्षांपूर्वी तो पेनसिल्व्हेनियात वसायला गेला आणि इथे राहिलेल्या भावाला लिहीत राहिला. फ्राऊ क्रेमर त्या भावाच्या वंशातल्या. जुनी वळणदार लिपी भिंग धरून त्या अक्षर-अक्षर उलगडत. पहिल्या हिवाळ्याच्या पत्रात बर्फ होता, उपासमार होती आणि तिथल्या मूळच्या लेनापे लोकांपैकी एक स्त्री होती. तिने मक्याचे पीठ आणून दिले, गारठलेल्या तान्ह्याला कातड्याच्या पांघरुणात उराशी धरून जगवले. बारा वर्षांनंतरच्या पत्रात एवढेच : ‘ते लोक आता इथे नाहीत. त्यांची जमीन सुपीक निघाली. आमचा थोरला तिथे नांगर धरतो.’

थोरला म्हणजे तेच तान्हे.

फ्राऊ क्रेमर यांच्या माहेरगावी, तिथून पेनसिल्व्हेनियाला गेलेल्या स्थलांतरितांविषयी प्रदर्शन भरणार होते. मांडणी करणारे गृहस्थ घरी आले. म्हणाले, “पहिले पत्र फार सुंदर आहे. दुसरे राहू द्या ना.”

“दोन्ही. नाहीतर एकही नाही.”

ते गेल्यावर त्यांनी दोन्ही पत्रे एकावर एक ठेवली. “आल्झो,” म्हणजे ‘तर मग’, त्या म्हणाल्या, “आयुष्यभर मी या पूर्वजाचे शौर्यच सांगत आले. आता दमले गं.”

अखेर प्रदर्शनात दोन्ही पत्रे लागली. उद्घाटनाला त्यांनी ती उभ्याने वाचली. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाल्या, “त्या बाईचे नाव त्याने कुठेच लिहिलेले नाही. विचारलेच नसावे.” टाळ्या वाजल्या नाहीत. एक वृद्ध शेतकरी मात्र पुढे आला आणि त्यांचा हात नुसताच हातात धरून उभा राहिला.

पुढच्या वसंतात फ्राऊ क्रेमर गेल्या.

काळ सर्वांनाच नेतो. पण काहींना नेताना त्यांना हाक मारायचे नावही तो मागे ठेवत नाही, आणि मग त्या निनावी रिकामेपणाचे स्मरण ठेवणे एवढेच उरलेल्यांच्या हाती राहते.