कमळीची गाठ

रोशनी उलट उत्तर कधी देत नसे, हीच कमळीची तक्रार होती. ‘हो आई’ म्हणायची आणि आपल्याला हवं तेच करायची. कालवणात मीठ जरा कमी घाल म्हटलं, हो आई. आणि पुन्हा तेच खारट कालवण. पोरीच्या केसांना कात्री लावू नकोस म्हटलं, हो आई. आणि संध्याकाळी ऋतिका मानेवरचे केस उडवत दारात हजर. भांडखोर सून कमळीला चालली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं. या ‘हो’ला हात कुठे घालायचा?

शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या कमळीच्या तोंडाला अख्खं गास गाव वचकून होतं. नवरा काशीराम गेला, तोही अर्धा संसार गप्प बसून. एकुलता एक अल्पेश तेवढा लाडाचा, आणि आता त्यानं होडी आणली होती. मासे धरायला नाही, भात वाहायला नाही. रविवारी बायकोपोरीला हिंडवायला. पांढरीशुभ्र, एका शिडाची, चार माणसांत भरून जाणारी. ऑफिसातल्या मित्रांबरोबर मुंबईत होडी चालवायला शिकला होता. ठेवली होती चंदनसारच्याही पुढे, डोंगराजवळच्या तलावावर, दिनानाथ नावाच्या दोस्ताच्या वाडीत.

“खाडी दारात हाय, आन हा पानी बघायला पेट्रोल जाळतो,” ती म्हणाली. पण रविवारी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. नात पाण्यावर जाणार आणि आपण घरी तांदूळ निवडत बसायचं, हे तिला जमणारं नव्हतं. पिशवीत तिनं जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी घेतली होती.

लावणीच्या दिवसांत खाडीकाठच्या बायका पोरांना बांधून शेतात उतरायच्या. पट्टीचं एक टोक पोराच्या कमरेला, दुसरं बांधावरच्या भेंडीच्या झाडाला. अल्पेश असाच वाढला. कमळीच्या जावेनं एकदा पोर रडतं म्हणून मोकळं सोडलं होतं. भरतीचं पाणी बांधाच्या फटीतून कधी आत आलं ते कुणाला कळलं नाही. पोर हाती लागलं तेव्हा जाऊ जी ओरडली, तो आवाज कमळीच्या कानातून गेला नव्हता. बांधलेलं पोर राहतं, सोडलेलं जातं. एवढं ती शिकली होती.

होडीत बसल्यावर तिनं पट्टी काढली.

“आई, जॅकेट घातलंय तिला,” अल्पेश म्हणाला. “सगळ्यांनी घातलंय. तू पण घातलंयस.”

“या फुग्यावर पोर सोडू? तुला मी बांधला म्हनून तू आज सुकाणू धरून बसलायस.”

“तेव्हा झाड होतं. होडीत बांधत नाहीत गं कुणाला.”

“झाड नाय तर हा खांब हाय.”

तिनं चार वर्षांच्या ऋतिकाच्या कमरेला पट्टी गुंडाळली आणि दुसरं टोक डोलकाठीच्या बुडाशी आवळलं. दोन्हीकडे कमळीची गाठ. ओली झाली की आणखी आवळणारी, सुरीशिवाय न सुटणारी.

“सोडायची नाय,” ती रोशनीला म्हणाली.

“हो आई,” रोशनी म्हणाली. तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि ऊन लागतंय म्हणून दोघींवर ओढणी पसरली.

होडी निघाली. काठ मागे सरकत गेला. खाडीचं पाणी गढूळ असतं, त्याचा तळ मनाला माहीत असतो. हे पाणी काळं होतं आणि आवाजच करत नव्हतं. एका ठिकाणी बुडालेल्या बाभळीचा शेंडा होडीच्या बुडाला करकरत घासून गेला, तेव्हा कमळीनं होडीची कड दोन्ही हातांनी धरली. तिला पोहता येत नव्हतं. हे आजवर तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

“आजी, तू भ्यालीस?” ऋतिकानं विचारलं.

“मला भ्यायला येळ कुठाय? तुझ्या बापाकडं ध्यान ठेवायचंय.”

मग वारा पडला. शीड लोंबलं. ती तलावावरची शांतता कमळीला आवडली नाही. खाडीवर असा वारा पडला की म्हातारी माणसं शीड उतरवायची. ती तेच सांगायला तोंड उघडते तोच समोरच्या डोंगराच्या खिंडीतून वारा पाण्यावर सुरकुत्या पाडत धावत आला. शीड फटकन भरलं. होडी एका अंगावर कलली.

“आई, वर सरक, माझ्या बाजूला,” अल्पेश म्हणाला. शिडातला वारा जावा म्हणून हातातली शिडाची दोरी त्यानं सोडली होती.

पण खालच्या बाजूला नात होती. कमळी खाली गेली.

तिचं वजन आलं आणि होडी आडवी झाली.

नाकातोंडात पाणी. कान बंद. मग जॅकेटनं तिला हनुवटीला धरून वर ओढलं. लुगडं भोवती फुगलं होतं. समोर होडीचं पांढरं पोट, पलीकडे कुठेतरी शीड पाण्याखाली. अल्पेशचं डोकं दिसलं. दुसरं कुणाचं दिसेना.

डोलकाठी पाण्याखाली होती. डोलकाठीला पट्टी होती. पट्टीला पोर होती. आणि गाठ ओली झाली होती.

“बांधलीय,” ती म्हणाली. तोंडात पाणी शिरलं. “अल्पेश, मी बांधलीय तिला.”

अल्पेशनं बुडी मारली. जॅकेटनं त्याला परत वर फेकलं. तो छातीवरचे पट्टे ओढू लागला, बोटं घसरत होती. कमळीच्या तोंडून एक आवाज निघाला आणि तो तिनं ओळखला. तिच्या जावेचा होता.

“आजी, माझी चप्पल गेली.”

होडीच्या पलीकडून. खोकत, रडत, पण बोलत. अल्पेश होडीला धरून वळसा घालून गेला आणि पाठोपाठ त्यानं कमळीलाही ओढून घेतलं. रोशनी एका हातानं होडीची कड आणि दुसऱ्या हातानं ऋतिकाला धरून होती. आणि पाण्यात, डोलकाठीपासून, लुगड्याची पट्टी मोकळी तरंगत होती. कमरेकडचं टोक रिकामं.

दिनानाथ दुसऱ्या होडीतून वल्हं मारत आला, एकेकाला त्यानं काठाला लावलं. वाडीत त्यानं शेकोटी पेटवली. अल्पेश ओला शर्ट पिळत होता.

“तुझी गाठ कधी सुटत नाही, आई. सुटली कशी?”

कमळी सुनेच्या हातांकडे बघत होती. उजव्या अंगठ्याचं नख मुळापर्यंत तुटलेलं, त्यावर रक्त सुकलेलं. गाठ कोरडी असताना, ओढणीखाली, एका हातानं सोडवलेली. रोशनीनं अंगठा मुठीत लपवला आणि मान खाली घातली. आता सासूचं तोंड सुटणार, हे तिला ठाऊक होतं.

“रोशनी.”

“हो आई.”

“तू तोंडावर हो म्हनतेस आन माझ्या मागं आपलं तेच करतेस. सगळ्या गावाला सांगितलंय मी हे.” कमळीनं ओल्या पदरानं नातीचं नाक पुसलं. “यापुढं पन तसंच करत जायचं. फक्त ते ‘हो आई’ आधी म्हनत जा. मला बरं वाटतं.”