सर्दी झालेली तीन पिल्लं

पाळीव प्राण्यांच्या दुकानात दत्तक देण्यासाठी ठेवलेल्या मांजरीच्या तीन पिल्लांना सर्दी झाली. डोळे चिकटले, नाकं चोंदली आणि वासच येईना म्हणून ती खाईनात. एक निवृत्त नर्सबाई रोज सकाळी येऊन त्यांचे डोळे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसायच्या, औषध पाजायच्या आणि गरम केलेला मासा बोटावर धरायच्या. दोघं सुधारली, पण सगळ्यात धाकटं तोंड फिरवायचं.

"मावशी, याचं काही खरं नाही," दुकानदार म्हणाला.

"तू तुझं काम बघ. मी माझं बघते."

पाचव्या दिवशी धाकट्याने बोट हुंगलं, चाटलं आणि कचकन चावलं. बाई कळवळल्या आणि हसतच सुटल्या. दुकानदार धावत आला.

"चावलं? बघू," म्हणत त्याने आपलंही बोट धाकट्याच्या तोंडापुढे केलं.